जिवाणूच्या पेशीचे भाग समजून घ्यायचेत? आकृती जरा बाजूला ठेवा, आधी वाटीभर दही घ्या

माझी भाची अकरावीला आहे, सायन्सला. रविवारी डोंबिवलीहून दादरला माझ्याकडे येते आणि येताना वही घेऊन येते. परवा तिने जिवाणूच्या पेशीची आकृती दाखवली, छान काढलेली, लांबट कॅप्सूलसारखी पेशी, आत गुंतवळ, मागे शेपटी, आणि बाजूला दहा-बारा बाण. म्हणाली, "मावशी, सगळं पाठ आहे, विचार तू काहीही." मी विचारलं, पेनिसिलिनची गोळी घेतली की ते औषध यातल्या कुठल्या बाणावर जाऊन बसतं? ती गप्प झाली. मग विचारलं, यातला कुठला भाग काढून टाकला तरी जिवाणू आरामात जगेल? तेही नाही आलं. तिचा काही दोष नाही, आपण शिकवतोच तसं, नाव आणि बाण, बाण आणि नाव.

मी परळच्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं स्लाइड्स बघितल्यात, त्यामुळे मला हा विषय वेगळ्या रस्त्याने माहितीये. तिला त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी जे दाखवलं तेच इथे क्रमाने लिहितेय. अकरावी-बारावी, एफवायबीएस्सी, डीएमएलटीवाली (लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी) मुलं, किंवा नुसती उत्सुकता असलेलं कोणीही करू शकेल. नियम एकच, प्रत्येक भागाला विचारायचं, तू नसलास तर पेशीचं काय होईल? उत्तर आलं की तो भाग समजला, पाठ करायची गरजच नाही.

पायरी १: आधी माप डोक्यात बसवा

मायक्रोमीटर, नॅनोमीटर नुसते वाचून काही कळत नाही. आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या, लांबी साधारण २ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे ५०० एकामागे एक बसतील. आता त्याला एक कोटी पट मोठा करा. तो २० मीटरचा झाला, म्हणजे आपल्या लोकलच्या एका डब्याएवढा लांब (रुंदीला डब्यापेक्षा बराच जास्त, पण चालेल).

त्या डब्याच्या मापाने बाकीचं बघा. पेशीचं पटल, म्हणजे मेंब्रेन, साधारण ७ सेंटीमीटर जाडीचं होईल. एक रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारं यंत्र, फुटबॉलएवढा, आणि असे हजारो फुटबॉल आत कोंबलेले. शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम, वीतभर जाडीचा दोर पण लांबी डब्याच्या चारपाच पट. आणि डीएनए? दोन सेंटीमीटर जाडीची दोरी, लांबी सोळा किलोमीटर, म्हणजे चर्चगेटला टोक धरलं तर वांद्रे-खारपर्यंत जाईल. एवढी दोरी एका डब्यात, आणि तरी गाठ न पडता दर २०-३० मिनिटांनी तिची कॉपी निघते. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आकृतीत तर दोन वेटोळी काढतात फक्त." तेच तर.

पायरी २: दह्याची स्लाइड बनवा

सामान असं लागेल: काचपट्ट्या, स्पिरिटचा दिवा, ग्रॅम स्टेनचा, म्हणजे जिवाणू रंगवायचा, संच (क्रिस्टल व्हायलेट, ग्रॅम्स आयोडीन, ९५ टक्के अल्कोहोल, सॅफ्रनिन), इमर्शन ऑइल आणि १००च्या लेन्सचा मायक्रोस्कोप. शेवटची वस्तू घरी नसते, म्हणून हे कॉलेजच्या लॅबमध्ये मॅडम-सरांना विचारून करा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. रंग आणि काचा प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत मिळतात. जखमेवर लावायचं आयोडीन आणू नका, ते वेगळं.

एक गोष्ट नीट ऐका, घरी काहीही वाढवत बसू नका. नाल्याचं पाणी, नाकातला शेंबूड, असलं काही डबीत घालून वाढवायचं नाही, काय वाढेल सांगता येत नाही. दही बेस्ट, कारण आपण ते खातोच.

दही ताजं घ्या, सकाळी लागलेलं. घट्ट भाग घेऊ नका, चमचा रोवल्यावर बाजूला जी पिवळसर निवळी सुटते ना, तिचा एक बारीक थेंब काचेवर घ्या आणि थोडं पाणी घालून पसरवा. इतकं पातळ की काचेखाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. दह्यातलं फॅट आणि प्रोटीन रंग धरून बसतं म्हणून ही काळजी. वाळू द्या, पंख्याखाली चालेल, पण पावसाळ्यात मुंबईच्या हवेत वेळ लागतो, घाई करू नका. पूर्ण वाळलं की काच ज्योतीवरून पटकन दोन-तीनदा फिरवा. काच हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा, कोमट लागली पाहिजे, चटका बसला म्हणजे जास्त झालं. याने जिवाणू मरतात आणि काचेला चिकटतात.

पायरी ३: रंग द्या, आणि भिंत ओळखा

क्रिस्टल व्हायलेट एक मिनिट, मग पाण्याने धुवा. आयोडीन एक मिनिट, धुवा. मग काच तिरकी धरून अल्कोहोल थेंब थेंब सोडा, जांभळा रंग ओघळायचा थांबला की लगेच धुवा, १० ते २० सेकंदांच्या वर जाऊ नका (दिवा तोवर विझवलेला हवा, अल्कोहोल पेटतं). शेवटी सॅफ्रनिन अर्धा ते एक मिनिट, धुवा, टिपकागदाने टिपा, पुसू नका. बोटं जांभळी होणारच, दोन दिवस राहतात.

ऑइलचा थेंब टाकून १००च्या लेन्सने बघा. जांभळ्या काड्या दिसतील, आणि जांभळ्या गोळ्यांच्या माळा किंवा जोड्या. काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस, माळा-जोड्या म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस नाहीतर लॅक्टोकॉकस. भाचीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाचेक मिनिटं डोळा काढलाच नाही, आणि मग म्हणाली, हे आपण रोज भातात कालवतो?

आता हे जांभळं का राहिलं हे समजून घ्या, कारण अख्ख्या धड्याची किल्ली इथे आहे. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही पद्धत काढली, तेव्हा त्यालाही कारण माहीत नव्हतं. जिवाणूच्या बाहेर सेल वॉल असते, ती पेप्टिडोग्लायकॉनची. साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्यांना आडवे टाके घालणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे, म्हणजे विणलेल्या जाळीच्या पिशवीसारखं. दह्यातल्या जिवाणूंची ही पिशवी जाड असते, २० ते ८० नॅनोमीटर, थरावर थर. क्रिस्टल व्हायलेट आणि आयोडीन मिळून आत मोठे कण तयार होतात, अल्कोहोलने जाड भिंत आक्रसते आणि कण आतच अडकतात. हे ग्रॅम पॉझिटिव्ह.

ई. कोलाय, टायफॉइड, कॉलरा यांची गोष्ट वेगळी. त्यांची जाळी अगदी पातळ आणि तिच्या बाहेर आणखी एक मेंब्रेन. अल्कोहोल त्या बाहेरच्या मेंब्रेनची चरबी विरघळवतं, पातळ जाळीतून जांभळा रंग निघून जातो, आणि मागाहून दिलेला सॅफ्रनिनचा लाल-गुलाबी दिसतो. हे ग्रॅम निगेटिव्ह. त्यांचं बाहेरचं मेंब्रेन नुसतं पांघरूण नाहीये हां, बरीच औषधं तिथेच अडतात, आत यायला फक्त पोरिन नावाच्या प्रोटीनच्या बारीक खिडक्या. आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला लिपोपॉलिसॅकराइड असतं, जिवाणू फुटला की तेच रक्तात मिसळून ताप चढवतं, बीपी पाडतं. सेप्सिसचा पेशंट झपाट्याने ढासळतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

शिकाऊ असताना मी एकदा अल्कोहोल पाऊण मिनिट चालू ठेवलं होतं, आणि ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू सगळे लाल दिसले. सिनियर मॅडमनी रिपोर्ट जाऊ दिला नाही, शेजारी बसवून तीच स्लाइड परत करून घेतली. तुम्ही हे मुद्दाम करून बघा, एक स्लाइड बरोबर, एक जास्त धुतलेली. म्हातारं, आंबट झालेलं दही घेतलं तरी बरेच लाल दिसतील, कारण जुन्या पेशींची भिंत कमकुवत होते. भिंत म्हणजे काय हे त्या दोन काचा शेजारी ठेवल्या की जसं कळतं तसं पुस्तकातून नाही कळत.

आता आपला प्रश्न: भिंत नसली तर? आत मीठ, साखर, प्रोटीन ठासून भरलेलं, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत घुसायला बघतं. भिंत दाब धरून ठेवते, ती गेली की पेशी फुगून फुटते. पेनिसिलिन हेच करतं, ते जाळीचे आडवे टाके घालणाऱ्या एन्झाइमवर बसतं. जिवाणू वाढतोय, जुने टाके उसवतोय, नवे पडत नाहीत, फट्. आपल्या पेशींना भिंतच नाही म्हणून त्या याने फुटत नाहीत. फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं, पण त्याआधी १९२२ मध्ये त्यानेच लायसोझाइम शोधलं होतं, जे आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं आणि याच भिंतीच्या साखरेच्या साखळ्या तोडतं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते, म्हणून त्याच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालतच नाही. बघा, एक भाग समजला आणि औषध आपोआप समजलं.

टीबीचा जिवाणू मात्र या दोन्ही खणांत नीट बसत नाही. त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्ल, म्हणजे मेणासारखा थर, ग्रॅमचा रंग धड धरतच नाही. त्याला झील-नील्सन पद्धत लागते, कार्बोल फुक्सिन गरम करून आत ढकलायचं, मग आम्लाने धुवायचं, बाकी सगळ्यांचा रंग जातो, याचा जात नाही, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या. मुंबईत लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला त्या लाल काड्या आयुष्यभर विसरता येत नाहीत. आयसोनियाझिड ही टीबीची गोळी त्या मायकोलिक आम्लाचीच निर्मिती थांबवते.

पायरी ४: मेंब्रेन

दिसणार नाही, पण सगळ्यात जास्त काम यालाच. भिंत जाळी आहे, तिच्यातून बारीकसारीक काहीही आरपार जातं, आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं हे ठरवतं मेंब्रेन. शिवाय जिवाणूत आपल्या पेशींसारखं मायटोकॉन्ड्रिया हे ऊर्जाघर नाही, मग ऊर्जा कुठे बनते? इथेच. मेंब्रेनमधली प्रोटीन्स प्रोटॉन बाहेर पंप करतात, ते परत आत येताना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणारं मशीन फिरवतात, धरणाच्या पाण्यावर टर्बाइन फिरावं तसं. दह्यातले जिवाणू बहुतेक एटीपी साखर आंबवून मिळवतात, ते उलट एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर फेकतात, कारण आंबट दह्यात आतलं आम्ल बाहेर काढलं नाही तर ते स्वतःच मरतील.

नसलं तर? लगेच मृत्यू, अपवाद नाही. साबण आणि ६०-७० टक्क्यांचं अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर यालाच फोडतात.

पायरी ५: आतला माल

न्यूक्लिअस नाही, म्हणजे डीएनएभोवती वेगळी खोली नाही, तो पेशीद्रव्यातच एका भागात गोळा झालेला असतो, त्याला न्यूक्लिऑइड म्हणतात. बहुतेकांत एकच गोल क्रोमोसोम. ई. कोलायचा साधारण ४६ लाख अक्षरी, जीन्स चार हजारांच्या वर. मघाची चर्चगेट-खारची दोरी आठवा, ती पीळ देऊन देऊनच मावते, आणि पीळ सांभाळणारं एन्झाइम आहे गायरेज. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्यावर बसतं, मग डीएनए तुटायला लागतो.

खोली नसल्याचा फायदा असा की डीएनएवरून आरएनए निघत असतानाच रायबोसोम त्यावर चढून प्रोटीन बनवायला लागतात, वाट बघायची नाही. जिवाणूचा रायबोसोम ७०एस, आपला ८०एस. (७०एसचे दोन तुकडे ३०एस आणि ५०एस, आणि मुलं दरवर्षी विचारतात की बेरीज ८० का नाही. एस म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसायचा वेग, तो आकारावरही ठरतो, वजनासारखी त्याची बेरीज होत नाही.) डॉक्सीसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन ३०एसवर, अझिथ्रोमायसिन ५०एसवर. तमिळनाडूत जन्मलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल मिळालं त्यात याच ३०एसच्या रचनेचं काम होतं, औषध नेमकं कुठल्या खाचेत बसतं तेही त्यातून दिसलं.

प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची छोटी जादा रिंग. नसली तरी जिवाणू मजेत जगतो, पण औषधाला दाद न देण्याचे जीन्स बऱ्याचदा तिच्यावरच असतात आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सर्दीला मनाने अँटिबायोटिक आणून खाणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, सर्दी व्हायरसची, तिच्यावर त्या गोळीचा उपयोग शून्य, पण पोटातल्या करोडो जिवाणूंमधले ज्यांच्याकडे ही रिंग आहे तेच मागे उरतात.

पायरी ६: बाहेरची आभूषणं, असली तर

इथे दही बाजूला ठेवा आणि दात घासण्याआधी सकाळी टूथपिकने दाताच्या मुळाशी हलकं खरवडून त्याची स्लाइड करा, तशीच ग्रॅम स्टेन. दह्यात दोन-तीनच प्रकार, इथे अख्खा बाजार, जांभळे, लाल, गोळे, काड्या, लांब धागे. सगळे चिकट गोंदात रुतलेले. जिवाणू स्वतःभोवती साखरेचा गोंद सोडतात, तोच दातांवरचा चिकट थर. हाच थर सैल न राहता घट्ट, नीट आवरण झाला की त्याला कॅप्सूल म्हणतात. पांढऱ्या पेशींना कॅप्सूलवाला जिवाणू पकडता येत नाही, हातातून सुटतो. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसची कॅप्सूल काढली तर तो जगतो, पण आजार करू शकत नाही. लहान मुलांना न्यूमोकॉकसविरुद्ध देतात त्या पीसीव्ही लशीत कॅप्सूलचीच साखर असते, प्रोटीनला जोडलेली. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगनंतर वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस केली तेव्हा उष्णतेने मारलेला अख्खा जिवाणूच टोचावा लागायचा, आणि १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. अख्ख्या पेशीपासून एका भागापर्यंत लस पोचली ती हे भाग समजल्यामुळेच.

पिली किंवा फिम्ब्री म्हणजे आखूड केस, चिकटायला. लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय यांच्यानेच धरून राहतो, नाहीतर लघवीबरोबर वाहूनच गेला असता. एक लांब पिलस वेगळा, तो दुसऱ्या पेशीला जवळ ओढतो आणि मग प्लाझ्मिड पलीकडे जातं.

फ्लॅजेलम ही शेपटी म्हणतात पण माशाच्या शेपटीसारखी हलत नाही, ती बुडाशी मोटर असलेली फिरकी आहे. मोटर मेंब्रेनमध्ये बसलेली, तिला बहुतेकांत चालवतात तेच प्रोटॉन, सेकंदाला शेकडो फेरे. कॉलऱ्याला एक, टायफॉइडला चहूबाजूंनी. दह्यातल्या जिवाणूंना नाहीच, शोधू नका. इतका बारीक धागा साध्या स्टेनने दिसतही नाही.

मला सगळ्यात आवडणारी फिरकी लेप्टोस्पायराची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोचे पेशंट वाढले, आम्ही लॅबमध्ये ते दिवस बघितलेत. उंदराच्या लघवीतून पाण्यात, पाण्यातून पायाच्या जखमेत. हा जिवाणू स्क्रूसारखा पिळलेला, जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर, आणि त्याचे फ्लॅजेला बाहेर नसून दोन मेंब्रेनच्या मधल्या जागेत असतात. ते आत फिरतात आणि अख्खी पेशीच ड्रिलसारखी फिरते. ग्रॅम स्टेनला दिसत नाही, डार्क फील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर दाखवणारा मायक्रोस्कोप, लागतो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात, पायाला जखम असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा, ते गरज वाटली तर डॉक्सीसायक्लिन देतात. म्हणजे परत तो ३०एस.

पायरी ७: स्पोर

हा रोजचा भाग नाही, संकटकाळची तिजोरी आहे, आणि फक्त काहींकडेच असते, मुख्य म्हणजे बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम. उपासमार झाली की पेशी आपला डीएनए जाड कवचात बंद करते, आतलं पाणी कमी करते आणि बाकीची पेशी सोडून देते. उकळतं पाणी, सॅनिटायझर, काही होत नाही. म्हणून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, १५ पाउंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं, तत्त्व आपल्या कुकरचंच. बॅसिलस सिरियसचे स्पोर भात शिजवूनही उरतात, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात उगवतात आणि विष सोडतात, जे परत गरम करूनही जात नाही. उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये टाका.

पायरी ८: आता आकृती काढा, वही मिटून

कोऱ्या कागदावर, आतून बाहेर. डीएनए, रायबोसोम, मेंब्रेन, भिंत, मग असलंच तर बाकीचं. प्रत्येक बाणापाशी नावाऐवजी काम आणि तो भाग गेला तर काय, एवढंच लिहा. भाचीने तिसऱ्या रविवारी काढली तेव्हा ग्रॅम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन भिंती शेजारी शेजारी काढल्या, मी सांगितलंही नव्हतं.

मेसोसोमबद्दल विचारलं तिने. आपल्या पुस्तकांत अजून आहे, मेंब्रेनची आत वळलेली घडी म्हणून. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पेशी रसायनांत बुडवताना ती घडी पडायची, झटकन गोठवून बघितल्यावर दिसली नाही, जिवंत पेशीचा भाग म्हणून ती आता मानत नाहीत. मी तिला सांगितलं, पेपरात पुस्तकात आहे तसं लिही, मार्क जायला नकोत, पण वहीत शेजारी पेन्सिलीने खरं काय ते लिहून ठेव.

आवरताना वापरलेल्या काचा ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवा, आणि १००च्या लेन्सवरचं तेल लेन्स पेपरने लगेच टिपा, रुमालाने नाही. तेल तसंच राहिलं तर सुकून चिकटतं आणि पुढच्याला सगळं धूसर दिसतं, तो बिचारा तासभर फोकस फिरवत बसतो.